शाळेच्या वेळेलाच पोट का दुखतं?

७ नोव्हेंबर हा आपला विद्यार्थी दिवस. १९०० मध्ये याच दिवशी बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. वर्गात त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. शिपाई नसला तर दिवसभर पाणी मिळत नसे. गोणपाट गेलं. आडनावावरून, रंगावरून, सवलतीवरून मुलांना टोचून बोलणं मात्र गेलेलं नाही.

हा त्रास आधी शरीरात दिसतो. शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं, डोकं धरतं, भूक जाते, रात्री झोप लागत नाही. मग भीती, एकलकोंडेपणा, गैरहजेरी आणि शेवटी शाळाच सुटते. घरचे म्हणतात, 'नाटकं करतोय.' शाळा म्हणते, 'पोरांची मस्ती आहे.'

कायदा तसं म्हणत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात विद्यार्थ्याला चिडवणं, शिवीगाळ करणं, धमकावणं हेही रॅगिंग आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. शिक्षकच छळत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे.

पण तक्रार लिहिणार कोण? मोलमजुरी करणारे आईबाप शाळेच्या ऑफिसात बोलायला कचरतात. नागसेनवनात शिकणाऱ्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावं. विहारात येणाऱ्या मुलांशी बोला, पालकांसोबत शाळेत जा, अर्जाची पोच घ्या. मूल फारच खचलं असेल तर १०९८ किंवा १४४१६ वर फोन करा. शाळा सुटण्याआधी एवढं नक्की होऊ शकतं.