जादू म्हणण्यातला आळस

१४२८५७ ही माझी ठेवणीतली संख्या. ऑफ तासाला वर्गावर पाठवलं की फळ्यावर लिहायचो. २ ने गुणा: २८५७१४. ३ ने: ४२८५७१. सहापर्यंत तेच अंक, तोच क्रम, फक्त सुरुवात वेगळी. ७ ने गुणलं की ९९९९९९! पोरं टाळ्या वाजवायची, मी "जादू!" म्हणून खडू खाली ठेवायचो.

परवा नातवाला दाखवलं. तो म्हणाला, "पण आजोबा, असं का होतं?" इतक्या वर्षांत एकाही मुलाने हे विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मीच विचारू दिलं नव्हतं. एकदा जादू म्हटलं की प्रश्नच संपतो. शिक्षकाचा हा चक्क आळस आहे, असं माझं आता मत झालंय.

मग दोघांनी १ ला ७ ने भागायला घेतलं. बाकी उरत गेली ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. शून्य सोडून सहाच बाक्या शक्य, त्या सगळ्या येऊन गेल्या; चक्र पूर्ण. भागाकारात उतरले १४२८५७. २ ला भागायचं म्हणजे त्याच चक्रात मधेच चढायचं, एवढंच!

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांतही ही बसते. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. आता २०४०८ + १२२४४९ करून पाहा. हे का होतं, ते नातू आणि मी रविवारी बघणार आहोत.