कमाई विचारली तर बिघडलं कुठे?

'क्रेझी रिच एशियन्स' वाचलीय का कुणी? केविन क्वान यांची २०१३ ची कादंबरी. एकदम हलकीफुलकी. न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापकी करणारी रेचल आपल्या मित्रासोबत सिंगापूरला जाते, आणि तिथे गेल्यावर तिला कळतं की या साहेबांचं घराणं गडगंज श्रीमंत आहे. पठ्ठ्याने इतके दिवस सांगितलंच नव्हतं! गंमत पुढेच आहे. जिला पैशांचा पत्ताच नव्हता तिच्यावरच आरोप होतो, की पैशासाठी पोरगा गटवला.

आता याची उलटी बाजू बघा. २००३ साली अमेरिकेत फॉक्स चॅनेलवर 'जो मिलियनेअर' नावाचा रिअॅलिटी शो आला. फ्रान्समधला एक आलिशान वाडा, वीस मुली आणि एक देखणा तरुण. याला पाच कोटी डॉलरचा वारसा मिळालाय, असं मुलींना सांगितलं. प्रत्यक्षात तो बांधकामावर काम करणारा माणूस, वर्षाची कमाई एकोणीस हजार डॉलरच्या आसपास. प्रेक्षकांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक, मुलींना नाही. खरं कळल्यावर निवडलेल्या मुलीचं तोंड कसं होतं, हे बघायला शेवटच्या भागाला सुमारे चार कोटी लोक टीव्हीसमोर बसले होते. ती त्याला 'हो' म्हणाली, चॅनेलने दोघांना मिळून दहा लाख डॉलर दिले, आणि पुढे ती जोडी काही टिकली नाही.

मला खटकतं ते हे. खोटं बोललं चॅनेल, खोटं बोलला तो गडी, आणि परीक्षा कुणाची? मुलींची! 'बघा, कशा पैशाच्या मागे लागतात,' असं दाखवायला सगळा खटाटोप.

हसू नका मंडळी, आपणही तेच करतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. सोशल मीडियावर दोन दिवस चेष्टा झाली. त्यांची मागणी मात्र गंभीर होती: गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडक राबवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली होत्या फक्त ८९४. म्हणजे दोष कुठे आहे हे त्या पोरांना बरोबर कळलं होतं. आपण पारावर बसून काय म्हणतो? 'आजकालच्या पोरींच्या अपेक्षाच फार वाढल्यात!'

काही अपेक्षा विनोदी असतात, मान्य. 'जमीन पाहिजे, पण पोरगा शेती करणारा नको' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण जरा तिच्या जागी उभं राहून बघा. घर सोडून जायचंय तिला. नोकरी असली तर बहुतेक वेळा तीच सोडणार. सातबाऱ्यावर तिचं नाव लागेलच याची खात्री नाही. कांद्याला भाव मिळेल का, पाऊस वेळेवर पडेल का, कुणी सांगू शकत नाही. अशा वेळी 'मुलगा कमावतो किती?' हा प्रश्न लालचीपणाचा कसा? हा तर हिशेब आहे. हाच प्रश्न मुलीच्या बापाने विचारला की तो व्यवहारी आणि मुलीने विचारला की ती आगाऊ!

आणि मुलाकडचे काय विचारत नाहीत? मुलीचं पॅकेज किती, भाऊ आहे की एकटीच, वडिलांच्या नावावर काय, 'लग्न कसं करून देणार'? त्याला मात्र आपण 'चौकशी' म्हणतो.

कादंबरीत ठीक आहे. तिथे शेवटी नायिकेला प्रेम मिळतं. खऱ्या लग्नात लपवलेलं काही ना काही बाहेर येतंच, आणि ते बहुतेक वेळा कर्जच असतं. म्हणून बघण्याच्या कार्यक्रमात कांदेपोह्यांसोबत हेही दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने बोलावं: कमाई किती, कर्ज किती, आणि लग्नानंतर घरात, जमिनीत सुनेचं नाव लागणार का?

शेवटच्या प्रश्नाला जिथे बैठकीत शांतता पसरते, तिथे लालची कोण ते आपोआप कळतं.