आचारी सोबत नसला तर युरोप दिसत नाही का?



परवा अभिषेक आटोपून मंदिरातून बाहेर पडले, तर ओट्यावर चार-पाच जणी एका रंगीत पत्रकाभोवती गोळा झालेल्या. दहा दिवसांत सात देश. शुद्ध जैन भोजन, कांदा-लसूण-बटाटा नाही, आपला आचारी सोबत, आणि खाली ठळक अक्षरांत ‘सूर्यास्तापूर्वी जेवणाची हमी’. किंमत वाचून एकीने पत्रक दुमडलं आणि म्हणाली, "आपल्या नशिबात शिखरजीच." दुसरी म्हणाली, "जायचं तर असंच जायचं बाई, नाहीतर खाण्याचे हाल."

शिखरजी नशिबात असणं ही काही कमी गोष्ट नाही, पण ते असू द्या. मी तिथे गप्प बसले. घरी येऊन मात्र राहवेना, कारण हे ‘खाण्याचे हाल’ मी गेली वीस वर्षं ऐकते आहे आणि आता मला त्याचा राग येतो.

आधी त्या सूर्यास्ताच्या हमीचं बघू. या सहली निघतात मे-जूनमध्ये. मेच्या मध्याला पॅरिसमध्ये सूर्य मावळतो रात्री सव्वानऊनंतर, रोममध्ये सव्वाआठनंतर. जूनअखेरीस पॅरिसला तर दहा वाजायला येतात. म्हणजे आपल्या वर्ध्यात सात वाजता घाईने ताट वाढणाऱ्या बाईला तिथे सूर्यच दोन तास जास्त देतो. रात्रिभोजनत्याग पाळायला युरोपचा उन्हाळा आपल्या घरापेक्षा सोपा. त्याची हमी द्यायला कंपनी कशाला हवी? डिसेंबरात पॅरिसचा सूर्य पाचच्या आत मावळतो, तेव्हा कुणी ही हमी दिली तर मी हात जोडीन.

मी अशा एका सहलीला गेलेली आहे, म्हणून सांगते. कंपनीचं नाव नको. पॅरिस आम्हाला मिळालं दीड दिवस, त्यातला बराचसा बसच्या काचेतून. नोत्र दाम पुलावरून दाखवलं, लूव्रच्या काचेच्या पिरॅमिडपुढे फोटोला वीस मिनिटं, आणि मग सगळे पळत सुटले, कारण जेवण तयार होतं. दोन्ही वेळा पुरी, दोन्ही वेळा श्रीखंड. मी वर्ध्याहून निघून, सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठून, पुढे विमानात बसून सात समुद्र ओलांडले, ते श्रीखंड खायला? आणि इटलीत ‘जैन पिझ्झा’ म्हणून जो वाढला, त्यावर परमेसान किसून घातलेलं होतं. आम्ही सगळ्यांनी आनंदाने खाल्लं. नंतर कळलं की अस्सल परमेसान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध विरजवून करतात, त्याच्या नियमातच तसं आहे. तुमची हमी, तुमचा आचारी, आणि पोटात गेलं काय! घरी आल्यावर मी प्रायश्चित्त घेतलं. पैसे परत मिळाले नाहीत, ते मागायचं धाडसही झालं नाही.

बरं, ज्या कंपनीबरोबर जात नाहीत, घरच्यांबरोबर स्वतंत्र जातात, त्यांचं काय होतं? माझ्या ओळखीच्या एक काकू मुला-सुनेबरोबर आणि काकांबरोबर स्वित्झर्लंडला जाऊन आल्या. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती. मी विचारलं, कसं होतं? तर म्हणाल्या, "तिथली शेगडी लवकर तापते गं." बाकी मंडळी डोंगरावर, आणि काकू भाजणी, मेतकूट, पापड, मुगाची डाळ घेऊन शेगडीपाशी. पोळ्या मऊ झाल्या की नाही याची चिंता तिथेही. काकांनी एक दिवस बाहेर फळं-ब्रेड खाल्ला असता तर धर्म बुडाला नसता.

तेव्हा माझं म्हणणं असं. आपण बायकांनी युरोपातलं एखादं मोठं शहर थोडक्या पैशात, पायी हिंडून, सावकाश बघावं. तसं बघणंच आपल्या धर्माला जास्त जवळचं आहे. आणि ‘खाण्याचे हाल’ हे कारण जो पुढे करतो, त्याला एकतर आपल्याकडून पैसे हवे असतात, नाहीतर स्वयंपाक.

हे माझ्या डोक्यात आलं सेवाग्रामला. पाहुणे आले की आपण त्यांना आश्रम दाखवायला नेतो, आदिनिवास, बापूकुटी, आणि परत येतो. एकदा तिथून ‘सत्याचे प्रयोग’ विकत घेऊन आले आणि या वेळी लंडनची प्रकरणं नीट वाचली. 1888 मध्ये मोहनदास विलायतेला निघाले तेव्हा आईला हीच धास्ती होती, पोरगा तिकडे काय खाईल. मग बेचरजी स्वामींनी, जे एक जैन साधू होते, त्यांच्याकडून मांस, मदिरा आणि परस्त्रीपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेवविली, तेव्हा परवानगी मिळाली. म्हणजे ज्या माणसाने पुढे आपल्या जिल्ह्यात येऊन मुक्काम केला, तो एका जैन साधूपुढे घेतलेल्या नियमावर तीन वर्षं लंडनला राहिला. आचारी नव्हता. सुरुवातीला खरोखर उपाशी राहिले. मग पायी भटकत भटकत फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली. पुढे खर्च कमी करायला खोली अशी घेतली की कामाला चालत जाता येईल. रोज आठ-दहा मैल चालत, आणि सकाळी स्टोव्हवर लापशी करून खात.

आणि पॅरिस! तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं, आयफेल टॉवर नवाकोरा होता. (आत्मकथेत त्यांनी साल 1890 दिलंय, प्रदर्शन 1889 चं.) पॅरिसमध्ये एक शाकाहारी खानावळ आहे असं ऐकलं होतं, तिथेच खोली घेतली, सात दिवस राहिले, आणि हातात नकाशा घेऊन बहुतेक सगळं पायी पाहिलं. नोत्र दामच्या आत गेले, तिथे गुडघे टेकून बसलेली माणसं पाहून त्यांचं मन हललं. आयफेल टॉवर त्यांना फारसा आवडला नाही, तरी दोन-तीनदा वर चढले, आणि उंचावर जेवलो एवढं सांगता यावं म्हणून वरच्या उपाहारगृहात सात शिलिंग उडवले. हे वाचून मला इतकं बरं वाटलं! बापूंनाही मिरवायचा मोह आवरला नाही, मग आपला एखादा फोटो माफ.

सात दिवस, एक शहर, पायी, नकाशा घेऊन. पत्रकातल्या ‘दहा दिवसांत सात देश’ शेजारी हे ठेवून बघा.

आम्ही तिघी गेलो. मी, माझी नणंद, आणि आमच्या गल्लीतल्या एक ताई, ज्यांचे यजमान वारले आहेत. ताईंचे स्वतःचे पैसे होते, मुदत ठेवीतले. तरी मुलाने तीन महिने नको म्हटलं. कारण तेच, खाण्याचे हाल होतील आई. शेवटी ताई त्याला म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं दशलक्षणाचे उपवास करते, दहा दिवस फळांवर राहीन." यावर त्याला बोलता आलं नाही.

पॅरिस सहा दिवस, रोम पाच. महावीर जयंतीनंतर निघालो, म्हणजे चातुर्मास बसायच्या कितीतरी आधी परत, आणि वर्ध्याचा मे महिनाही थोडा चुकला. खर्च प्रत्येकीला त्या पत्रकातल्या किमतीच्या निम्म्याहून थोडा जास्त आला. त्यातला मोठा वाटा विमानाचा आणि खोलीचा. शेंगेनचा व्हिसा 90 युरोंचा, त्यावर वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. स्वस्त म्हणजे फुकट नव्हे, आणि हेही पैसे ज्यांच्याकडे नाहीत त्यांना मी कर्ज काढा म्हणणार नाही. कर्ज काढून हिंडणं मला मान्यच नाही.

पण तिथे पोचल्यावर फार पैसे लागत नाहीत, हे कंपनीवाले सांगत नाहीत. नोत्र दाम 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं, आत जायला पैसे नाहीत. पॅरिसचा इतिहास सांगणारं कार्नाव्हाले संग्रहालय आणि पेती पाले, दोन्हींचे कायमचे संग्रह मोफत. आयफेल टॉवरवर पायऱ्यांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचं तिकीट सगळ्यांत स्वस्त असतं. पायऱ्या 674. मुक्तागिरीची बावन्न मंदिरांची वंदना करणाऱ्या बाईला 674 पायऱ्यांचं काय! ताई सगळ्यांत पुढे होत्या. रोमला सेंट पीटर्समध्ये प्रवेश मोफत, फक्त तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी कलोसियमसकट सरकारी संग्रहालयं सगळ्यांना खुली. आणि रस्तोरस्ती वाहत्या पाण्याचे नळ, अडीच हजारांच्या आसपास आहेत म्हणतात. पाण्याची बाटली विकत घ्यायचं कामच नाही. गाळण्याचं फडकं पर्समध्ये मावतं.

लंडनला कुणी गेलात (त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो), तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय चुकवू नका. तेही मोफत. ग्यारसपूरची पार्श्वनाथांची मूर्ती त्यांच्या संग्रहात आहे. आपली मूर्ती तिथे कशी, हा प्रश्न मनात येईल, यावा. मी अजून ती पाहिलेली नाही, पण एकदा समोर उभं राहून णमोकार म्हणायचा आहे.

आता खाणं. विमानात जैन जेवण मिळतं, तिकीट काढतानाच सांगून ठेवायचं, त्याचा संकेत व्हीजेएमएल. खोली घेताना शेगडी आहे का बघायचं. तिथे बहुतेक इंडक्शन असतं आणि त्यावर आपलं अॅल्युमिनियमचं भांडं तापत नाही, म्हणून बुड चालेल असं स्टीलचं पातेलं घरून न्यायचं. तिथल्या भांड्यात काय शिजलं असेल कुणी सांगावं. पहिले तीन दिवस दशम्या पुरल्या. मग सकाळी एकदाच खिचडी, पाळीपाळीने. जिची पाळी नाही तिने शेगडीकडे फिरकायचं नाही, हा नियम आम्ही दशलक्षणाइतका कडक पाळला. दुपारी फळं, दाणे, ब्रेड. युरोपात पाकिटावर अंडं, मासे, दूध अशा चौदा गोष्टी घटकांच्या यादीत ठळक छापायचा कायदाच आहे, त्यामुळे अंडं लगेच दिसतं. कांदा, लसूण आणि रेनेट मात्र ठळक नसतात. त्यासाठी शब्द वहीत उतरवून नेले होते. इटालियनमध्ये कांदा म्हणजे चिपोल्ला, लसूण आल्यो, रेनेट काल्यो. फ्रेंचमध्ये रेनेट म्हणजे प्रेझ्यूर. दुकानात उभं राहून तिघी पाकिटं वाचत होतो तेव्हा लोक बघत होते. बघू देत.

ज्यांनी प्रतिमा घेतल्या आहेत, ज्यांना पिठाची मर्यादा, उन्हाळ्यात पाच दिवस, काटेकोर पाळायची आहे, त्यांना हे जमणार नाही. ते मी कबूल करते. पण त्यांना कंपनीचा आचारीही चालणार नाही, हे त्याही जाणतात.

परत आल्यावर मंदिरात एका मोठ्या बाईंनी दिग्व्रताची आठवण करून दिली. श्रावकाने दाही दिशांची मर्यादा करावी, तू समुद्र ओलांडून कशी गेलीस? मी नम्रपणे विचारलं, काकू, तुमची मर्यादा किती? त्यांनी घेतलेलीच नव्हती. दिग्व्रत आपण स्वतः घ्यायचं असतं, दुसऱ्याच्या सुनेला लावायचं नसतं. आणि ते कशासाठी सांगितलंय? लोभाला कुठेतरी कुंपण पडावं म्हणून. सूटभर साड्या, तीन बॅगा, सात देश आणि प्रत्येक देशातून पाव्हण्यांसाठी चॉकलेटं, हा परिग्रह की आमची पाठीवरची एक-एक पिशवी? याच काकूंचा मुलगा दर वर्षी दुबईला जातो, तेव्हा दिशा आठवत नाहीत. वीरचंद राघवजी गांधी 1893 मध्ये शिकागोच्या धर्मपरिषदेत जैन धर्माची बाजू मांडून आले, तर समुद्रपार गेले म्हणून समाजातल्या काहींनी त्यांच्यावरही वादंग माजवला होता. मी त्यांच्या पायाच्या धुळीचीही नाही, पण प्रश्न विचारणारे तेच आहेत.

विमानात हिंसा होते म्हणाल, तर होते. शिखरजीला विमानाने जाणाऱ्यांनीही तो हिशेब धरावा.

ताईंना आता प्रागला जायचंय. त्यांनी नकाशा मागवून देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवलाय. ओट्यावरच्या त्या दोघींना मी निरोप पाठवला आहे, रविवारी दुपारी सामायिक झाल्यावर माझ्याकडे या, पासपोर्टचा अर्ज मिळून भरू. 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये. येताना ते पत्रक आणू नका.