चंद्रावरचे दगड ‘खोटं’ बोलतात का? उत्तर आपल्या लोणारमध्ये शोधलं जातंय

लोखंडाची सळई उत्तर-दक्षिण धरायची आणि तिच्यावर हातोड्याने ठोकायचं. थोड्या वेळाने तीच सळई होकायंत्राची सुई हलवते. उलट चांगला चुंबक घेऊन तो ठोकत राहिलं, तर तो कमजोर होतो. लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये दीडशे वर्षांच्या आसपास लोखंडावर हातोडे पडत आले आहेत, त्यामुळे या भागाला हे नवं नाही. पण याच साध्या गोष्टीवरून सध्या चंद्राच्या अभ्यासकांमध्ये मोठा वाद चालू आहे, आणि त्याचा संबंध थेट भारताच्या चांद्रयान-४ शी आहे.

तर विषय असा आहे. चंद्राला आज पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र नाही. तरीही अपोलो मोहिमांनी आणलेल्या दगडांमध्ये चुंबकत्व सापडलं आणि चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनाही पृष्ठभागावर चुंबकीय पट्टे दिसले. ते आलं कुठून? एक मत असं की, पूर्वी चंद्राच्या पोटातला वितळलेला गाभा ढवळला जायचा आणि त्यातून क्षेत्र तयार व्हायचं. अडचण अशी की एवढ्या छोट्या गाभ्याला इतकं ताकदवान क्षेत्र जमेल का, हेच कोडं आहे.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीमधल्या संशोधकांनी संगणकावर एक शक्यता तपासली. मोठी उल्का आदळली की वाफ होऊन विद्युतभारित ढग उठतो, चंद्राला वळसा घालतो आणि विरुद्ध बाजूला जाऊन तिथलं मूळचं कमकुवत क्षेत्र दाबून वाढवतो. त्याच वेळी धडकेचे हादरे चंद्राच्या पोटातून त्या बाजूला पोहोचतात. सगळा खेळ साधारण ४० मिनिटांचा. दगड तापत नाही, फक्त हादरतो, आणि हादरताना त्या क्षणाच्या क्षेत्राचा ठसा घेतो. अर्थात हे गणित आहे, दगड हातात घेऊन केलेली तपासणी नाही. शिवाय यालाही सुरुवातीला थोडं मूळ क्षेत्र लागतंच. तिकडे चीनच्या चांग-अ ६ ने आणलेल्या दगडांवरून डिसेंबर २०२४ मध्ये वेगळंच चित्र पुढे आलं: २८० कोटी वर्षांपूर्वी चंद्राचं क्षेत्र पुन्हा जोर धरत होतं.

म्हणजे दगड गाभ्याची गोष्ट सांगतोय की खाल्लेल्या माराची, हे आधी ओळखता यायला हवं.

इथे बुलढाणा जिल्हा येतो. चंद्राचे काळे सपाट भाग बेसॉल्टचे आहेत, आणि बेसॉल्टमध्येच उल्का आदळून झालेलं पृथ्वीवरचं चांगलं टिकलेलं विवर म्हणजे लोणार. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. खडक तोच, जो मुंबईच्या पोटातही आहे आणि ज्यातून मेट्रो ३ चे बोगदे गेले. या दख्खनी खडकात लाव्हा थंड होतानाची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची चुंबकीय दिशा गोठलेली आहे. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे त्यावरूनच कळतं.

मग धडकेने ती दिशा पुसली का? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचं उत्तर थोडं निराश करणारं होतं. विवराच्या काठावरच्या, कमी मार बसलेल्या दगडांत जुनी दख्खनी दिशा बऱ्यापैकी शाबूत होती. वरवरचा ठसा होता, पण तो प्रामुख्याने नंतर पृथ्वीच्या क्षेत्रात पडून राहिल्याचा. पुढे इतर संशोधकांनी दगडातल्या चुंबकीय कणांची ठेवण तपासली. त्यांना हादऱ्याच्या खुणा दिसल्या आणि उल्का पूर्वेकडून तिरकी आली असावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. वयावरही एकमत नव्हतं. आधी सुमारे ५२ हजार वर्षं मानलं जायचं, नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास आलं. लोणारची मर्यादाही इथेच आहे. पृथ्वीचं क्षेत्र इथल्या दगडावर सतत नवा ठसा उमटवत राहतं, चंद्रावर तो प्रश्न नाही.

चांद्रयान-४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली, खर्च २,१०४ कोटी रुपये. चंद्रावरून दगड-माती आणणारी ही भारताची पहिलीच मोहीम. येणारा प्रत्येक तुकडा अब्जावधी वर्षं मार खाल्लेला असेल. तो वाचायचा सराव करायला लोणारहून जवळची जागा नाही.

लोणार सरोवराला नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, त्यामुळे चर्चा पाण्याची, पक्ष्यांची आणि २०२० च्या जूनमधल्या गुलाबी रंगाची होते. ती व्हायलाच हवी. पण धडकेने बाहेर फेकलेले दगड काठापलीकडे एक किलोमीटरहून जास्त पसरलेत, तिथे शेती आहे, रस्ते आहेत, घरं आहेत. चुंबकीय अभ्यासाला दगड मूळ जागी, मूळ दिशेत लागतो. बुलडोझरने एकदा उलटा केलेला दगड त्या कामाचा राहत नाही.