वाजपेयींची वाट पाहणे आता पुरे

जुम्याच्या नमाजनंतर चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडते, "सर, वाजपेयींची भाजप वेगळी होती." बोलणारा मनापासून बोलतो, हे मला कळते. पण ही समजूत एकदा तपासून घ्यायलाच हवी.

भाजपमधले मतभेद खोटे नव्हते. डिसेंबर १९८० मध्ये मुंबईच्या पहिल्या अधिवेशनात वाजपेयींचा पक्ष 'गांधीवादी समाजवाद' सांगत होता. विजयाराजे शिंदे यांना तो मान्य नव्हता. त्या अधिवेशनाला न्यायमूर्ती छागला पाहुणे म्हणून आले होते. मवाळांचे ते सोन्याचे दिवस! पुढे १९८४ मध्ये लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या आणि १९८९ मध्ये पालमपूरला पक्षाने राममंदिराचा ठराव केला. गांधीवादी समाजवाद अडगळीत गेला.

एप्रिल २००२ मध्ये वाजपेयींनी अहमदाबादेत राजधर्माची आठवण करून दिली. पण काही दिवसांतच गोव्याच्या कार्यकारिणीने मोदींचा राजीनामा नाकारला आणि तिथल्या भाषणात वाजपेयींनीच मुसलमानांकडे बोट दाखवले. २००५ मध्ये अडवाणी कराचीत जीनांविषयी चार बरे शब्द बोलले; रथयात्रा काढणाऱ्या या नेत्यालाही अध्यक्षपद सोडावे लागले. २००९ मध्ये जीनांवरच्या पुस्तकापायी जसवंत सिंहांची हकालपट्टी झाली.

कोणी म्हणेल, वाजपेयींच्या काळात मंदिर, ३७० आणि समान नागरी कायदा बाजूला ठेवले होते ना? ठेवले होते. पण ते मित्रपक्षांशिवाय बहुमत जमत नव्हते म्हणून. लगाम बाहेरच्यांच्या हातात होता, आतल्या मवाळांच्या नव्हे. २०१४ मध्ये स्वबळावर बहुमत आले आणि २०१९ मध्ये ३७० गेले. जुलै २०२२ मध्ये नकवींनी राजीनामा दिल्यावर केंद्रीय मंत्रिमंडळात एकही मुसलमान उरला नाही. तेव्हा पक्षातला कोणता मवाळ गट रुसून बसला?

आता हीच आस काही जण गडकरींवर लावून बसलेत. माणूस दिलखुलास आहे, मान्य. पण मी विद्यार्थ्याला गुण देतो ते उत्तरपत्रिका पाहून, चेहरा पाहून नाही. भाजपचा उमेदवार मोहल्ल्यात आला तर त्याला चहा जरूर पाजा. मग विचारा, तुमच्या पक्षाने आम्हाला तिकिटे किती दिली? आमच्या विरोधातल्या कायद्यावर तुम्ही मत कुणीकडे टाकले? त्याच्या पक्षातल्या भांडणांवर आशा ठेवण्यापेक्षा आपल्या मताची किंमत वाढवू या. वाजपेयींच्या काळातही कामाला आले होते ते आकडेच.