दाट तेल की योग्य तेल?

उन्हाळा लागला की बार्शीतील आडत पेढ्यांवर एक जुनाच प्रश्न नव्याने निघतो. घरात नवी छोटी पेट्रोल मोटार आलेली असते आणि तिच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० अशा पातळ तेलाची शिफारस असते. पारा चाळिशीपलीकडे गेलेला पाहून वडीलधारी मंडळी म्हणतात, "एवढ्या उन्हात पाण्यासारखं तेल काय टिकणार? आपलं २०डब्ल्यू-५०च घाला." या सल्ल्यामागे अनुभव आहे, परंतु तो अँबॅसिडर-फियाटच्या काळातील इंजिनांचा आहे.

डब्यावरील 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळ्याचे. त्याआधीचा अंक जितका लहान, तितके थंड इंजिनात तेल लवकर वाहते. नंतरचा अंक १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा सांगतो. म्हणजे तेलाची कसोटी बार्शीच्या उन्हाहून दुपटीपेक्षा अधिक उष्णतेत आधीच झालेली असते. शिवाय इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट साधारण ९० अंशांच्या आसपास सांभाळतो. त्यामुळे बाहेरच्या उन्हाचा फरक आत बराच कमी होऊन पोहोचतो.

नव्या इंजिनातील तेलाच्या वाटा अरुंद असतात. दाट तेल सकाळी वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. इंधनही अधिक जळते. उलट, दाट तेलासाठी घडविलेल्या जुन्या इंजिनात फार पातळ तेल घातले, तर दाब घटतो. म्हणून दाट ते चांगले नव्हे आणि पातळ ते चांगले नव्हे. पुस्तिकेत लिहिलेले तेच योग्य. पुस्तिकेत एकाहून अधिक ग्रेड असतील, तर हवामानानुसार निवड त्यांतूनच करावी.

ग्रेड आणि दर्जा यांतही गल्लत होऊ नये. तुरीचा दाणा केवढा आणि माल किती निवडक, या दोन बाबी व्यापारी वेगळ्या पारखतो. तसाच तेलाचा दर्जा डब्यावर 'एपीआय एसएन', 'एपीआय एसपी' अशा अक्षरांनी वेगळा नोंदलेला असतो. तोही पुस्तिकेशी ताडून पाहावा.

घर, जिनमंदिर आणि दुकान एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापत नाही. त्यात ओल व पेट्रोलचा अंश साचतो. म्हणून किलोमीटर कमी झाले, तरी पुस्तिकेतील मुदत संपताच तेल बदलावे. कुंथलगिरीच्या दर्शनाला निघण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावे. वरच्या खुणेपलीकडे भरणेही हानिकारकच.

शेवटची बाब श्रावकाच्या विवेकाची. काढलेले काळे तेल गटारीत किंवा मातीत ओतले, तर अगणित सूक्ष्म जीवांचा घात होतो. त्यातून कोणाचेच प्रयोजन साधत नाही. अशा निष्प्रयोजन हिंसेपासून दूर राहण्यासाठीच अनर्थदंडविरमण व्रत सांगितले आहे. कायद्यानेही वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले आहे. तेव्हा गॅरेजमध्ये तेल बदलताना नवे कोणते घातले हे जसे विचारले जाते, तसेच जुने कोठे गेले हेही विचारले जावे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जात असेल, तेच गॅरेज निवडावे.