जन्म, मृत्यू आणि मधले पुरस्कार

मराठी विश्वकोशातलं चरित्र आणि मराठी विकिपीडियावरचं चरित्र यांची तुलना निघाली की आपले विद्वान लगेच निकाल देऊन मोकळे होतात. एक तज्ज्ञांनी लिहिलेलं, दुसरं कुणा सोम्यागोम्यानं. मला हा निकाल मान्य नाही.

विश्वकोश वाईचा, मी नागपूरजवळच्या वाडीचा. अमरावती रस्त्यावर ट्रकांची रांग हलेपर्यंत मोबाइलवर त्यातली एक नोंद आरामात वाचून होते. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, बहुतेकदा संदर्भही. पण संदर्भांची यादी शेवटी एकत्र. मधलं एखादं विधान नेमकं कुठून आलं, हे कळायला मार्ग नाही. विकिपीडियात वाक्यागणिक विचारता येतं, 'कशावरून?' आणि 'इतिहास पहा'वर टिचकी मारली की कोणी कधी काय बदललं तेही दिसतं. ही सोय तज्ज्ञांच्या कोशात नाही.

सोय आहे, वापर नाही. कुठल्याही मराठी लेखकाचं विकिपीडियावरचं पान उघडा. जन्म, शिक्षण, पुस्तकांची यादी, पुरस्कारांची त्याहून लांब यादी, मृत्यू. माणूस मधली चाळीस वर्षं कशासाठी भांडला, कुणाशी भांडला, काय बदललं, याचा पत्ता नाही. कारण साधं आहे. पुरस्काराची बातमी छापून येते, म्हणून संदर्भ आयता मिळतो. विचार समजून घ्यायला पुस्तक वाचावं लागतं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचं मंडळ याच नागपुरात उभं केलं आणि २३ खंड पुरे केले. त्यांच्या वारसांना एका माणसाचं मधलं आयुष्य लिहायचा कंटाळा यावा!

मध्यंतरी मी जाईबाई चौधरींविषयी लिहायला बसलो. उमरेडच्या या बाईंनी डोक्यावर ओझी वाहिली, शिक्षिका झाल्या, १९२२ मध्ये नागपुरात दलित मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलेल्या आठवणी मी मसुद्यात घातल्या. लगेच शेरा आला: संदर्भ हवा. मी चिडलो. मग थंड डोक्यानं पाहिलं, तर शेरा बरोबरच होता. ऐकीव गोष्टी चालू दिल्या, तर उद्या प्रत्येक नगरसेवक आपला आजोबा स्वातंत्र्यसैनिक करून टाकेल.

पण हाच नियम जाईबाईंना जाचतो. मराठीत त्यांच्याविषयी हाताशी येणारं पुस्तक म्हणजे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला', १९८९ चं. ते निघालं नसतं तर माझ्याजवळ काय होतं? नटाच्या लग्नाला दहा संदर्भ आणि शाळा काढणाऱ्या बाईला एक. ही विषमता विकिपीडियानं निर्माण केलेली नाही, त्यानं ती फक्त उघडी पाडली. ज्यांच्या कपाटात जुन्या स्मरणिका, परिषदांचे अहवाल, बंद पडलेल्या नियतकालिकांचे अंक पडून आहेत, तेच प्राध्यापक वर्गात विकिपीडियाला हसतात. हसा. पण आधी त्या स्मरणिकेतलं एक पान छापा, त्याला तारीख द्या, मग मला संदर्भ देता येईल.

माझ्या मसुद्यातला १९२२ नंतरचा भाग अजून दोनच ओळींचा आहे. शनिवारी पुन्हा बर्डीवर वाचनालयात जाईन म्हणतो.